पत्र्याला कड नाही असं समजा

सांगतो हो, सांगतो, जीव का खाताय? दर वर्षी हेच! तुमच्या बाईंचा फोन येतो, 'आजोबा, पोरांना अंगठ्याची गोष्ट सांगायला या,' आणि नाही म्हटलं की घरात दोन दिवस अबोला, म्हणून येतो. तीन जिने चढून आलोय, गुडघ्यांची नुसती बोंब, आणि वर आल्यावर घोटभर पाणी तरी विचारलंत का? ... राहू दे, आता नको आणूस, बस खाली! पण यंदा आधीच सांगून ठेवतो, दर वर्षीची गोष्ट यंदा नाही. यंदा खरी सांगणार. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

मी पत्रेवाला. बावन्न वर्षं पत्रा कापला, छपरं, पन्हळी, पेट्या, कोठ्या. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. आणि तुमच्या बाई ही माझी नात. तेव्हा ती कसली बाई, तासावर शिकवायची, इथे दोन तास, तिथे तीन, पक्की नोकरी कुठेच नाही. या शाळेसाठी तिची तिसरी खेप, आणि वयाच्या अटीत बसायची शेवटची. तीन परीक्षकांसमोर वीस मिनिटांत एक प्रयोग करून दाखवायचा. झालं, आली दुकानात. 'आजोबा, दोन पत्रे हवेत. गोल, एकसारखे, आरशासारखे सपाट.'

म्हटलं, केवढे?

'अनंत.'

तुम्हाला सांगतो, हातातली कातर खाली ठेवली मी. गिऱ्हाइकं काय कमी बघितली? पण अनंत? अगं, कापायला सुरुवात कुठून करू? तर म्हणते, 'खरेखुरे नाही हो, ताटाएवढेच करा. पण हिशेबात ते अनंत आहेत असं समजायचं. म्हणजे त्यांना कड नाही असं समजायचं. कडेला थोडी गडबड होते, ती धरायची नाही.'

समजा म्हणे, समजा! पत्र्याला कड नाही असं समजा! ही बोटं बघा माझी, ह्या खुणा कशाच्या? कडेच्याच ना? अहो, पत्र्याचं सगळं काम कडेलाच असतं, मधला भाग काय, तो आपोआप पत्राच असतो!

केले. लाकडी मोगरीने ठोकून सपाट केले, कड मुडपून गोल केली, कारण टोकदार कडेतून वीज गळते म्हणाली. गळते ना? मग ती कड धरायची नाही कशी? विचारायची सोय नाही.

आता आमच्या धंद्यातली एक खोड. पत्रा समोर आला की डावा अंगठा आपला आपण कडेवरून फिरतो, खरखर राहिलीय का बघायला. उजव्या हातात कातर, डावा मोकळा, त्याला सांगावं लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं तरी फिरतो!

आणि प्रयोग कसला, तर दोन पत्रे समोरासमोर उभे, मध्ये बोटभर हवा. ह्याला नाव धारित्र. एक पत्रा जमिनीला जोडलेला, दुसऱ्यात यंत्राने हजार व्होल्टची वीज भरायची आणि तार काढून घ्यायची. बाजूला काट्याचं यंत्र, काटा हजारावर. मग भरलेला पत्रा मी प्लास्टिकच्या दांड्याला धरून मागे न्यायचा, एक बोटाचं अंतर दोन बोटं. सरळ न्यायचा, जरा तिरका झाला की खेळ खलास, म्हणून तिला माझाच हात हवा होता. एक मदतनीस चालतो म्हणे. आणि काय सांगू, तार काढलेली, नवी वीज कुठूनही येत नाही, तरी काटा हजाराचा दोन हजार!

म्हटलं, पोरी, ही चोरीची वीज कुणाच्या घरातली? 'कुणाच्या नाही. पत्रे एकमेकांना ओढतात, तुम्ही त्यांना लांब नेता, ते तुमचं बळ आहे. मधल्या हवेत जोर सगळीकडे सारखाच, या पत्र्यापाशी जेवढा तेवढाच मधोमध, तेवढाच त्या पत्र्यापाशी. अंतर वाढवलं तरी जोर तोच, विभव, म्हणजे काट्यावरचा आकडा, मात्र वाढतं.' डोंबल समजलं मला! मग म्हटलं, थांब, म्हणजे छपरासारखं? उतार तोच ठेवायचा आणि छप्पर दुप्पट लांबवायचं, टोक दुप्पट उंच जाणारच की! वहीत लिहून घेतलं तिने. माझं! चौथी अर्धी!

पण सरावात काय झालं? आठ दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव, आणि एकोणीस वेळा... टिक्! अंगठ्याला मुंगी चावल्यासारखा चिमटा आणि काटा धाडकन शून्यावर. 'आजोबा! अंगठा!' विसाव्या वेळी ओरडलीच नाही, खाली बसली आणि म्हणाली, 'उद्या अंगठा लागला तर संपलं माझं.' तुम्हाला सांगतो, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी काय केलं, हे आजवर कुणालाच माहीत नाही. डावा हात पँटच्या खिशात घातला आणि बाही खिशाला सेफ्टी पिनने टाचून टाकली. दोन पिना! उपटला असता तर पँटसकट आला असता.

खोलीत तीन परीक्षक. दोघं आपले मुके, आणि मध्ये मोठे साहेब. हातात स्टीलचं चकचकीत पेन, जे दिसेल ते त्या पेनाने टोचून बघायची सवय. टेबल टोचलं, यंत्र टोचलं, माझ्याकडे पेन रोखून विचारलं, 'हे कोण?' पोरीने सुरुवात केली. वीज भरली, काटा हजारावर, तार काढली. मी दांडा धरून उभा, डावा हात खिशात. ती फळ्याकडे वळली आणि आकृती काढायला लागली. साहेब वाकले. 'पत्रे समांतर दिसत नाहीत,' म्हणतात. माझे पत्रे! आणि पेनाचं टोक नेलं पुढे...

टिक्!

साहेबांचा हात कोपरापर्यंत उडाला. काटा शून्यावर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पेन हळूच खिशात गेलं. बाकीचे दोघं फळ्याकडे बघत होते. आणि पोर वळली, काटा बघितला, आणि पहिलं वाक्य काय? 'आजोबा! अंगठा!'

अहो, काय करू? खरं सांगू? सांगितलं तर साहेबांचं नाक कापलं जाणार, आणि तिचा गुणांचा कागद त्यांच्याच पुढ्यात. हात खिशात, खिशाला दोन पिना, आणि मी म्हणालो, 'हो. लागला.' कुठला हात, विचारलं कुणी? साहेब म्हणतात, 'अडाणी माणसाला यंत्राजवळ उभं करू नये, पण ठीक आहे, समजा झालंच नाही. पुन्हा करा.' समजा म्हणे, समजा! केलं कुणी, आणि समजून कुणी घ्यायचं!

पुन्हा वीज भरली. हजार. साहेबांनी मध्येच अडवलं, 'आणि तार काढलीच नाही तर?' पोर म्हणाली, 'मग उंची ठरलेली, सर. तेवढ्याच उंचीत छप्पर लांबवलं की उतार कमी होतो. विभव तेच, जोर कमी.' माझ्याकडे बघितलंही नाही! तार काढली. मी ओढायला लागलो, केसाकेसाने, काटा बाराशे, पंधराशे, अठराशे... आणि दोन हजाराच्या जरासा अलीकडे थांबला. का? कडेमुळे! जी धरायची नाही, तीच!

नोकरी लागली. साहेब इथेच तिचे वरिष्ठ, चार वर्षं. म्हणून मी चार वर्षं तोंड शिवून बसलो, आणि दर वर्षी इथे उभा राहून अंगठ्याची गोष्ट सांगितली, तुमच्यासारखी पोरं हसली. साहेब गेल्या महिन्यात निवृत्त झाले. आता कुणाची भीती?

काय गं, मागे उभी राहून काय म्हणतेस? 'आजोबा, मला माहीतच नव्हतं'? मग विचारायचं होतं, बये! एका शब्दाने! साहेबांचं सोडा, त्या माणसाकडून मी कसली अपेक्षा ठेवणार, तो मला ओळखतच नव्हता. पण माझा हात ज्यांना पाळण्यापासून ठाऊक आहे, माझं छप्पर सांगून ज्यांनी नोकरी मिळवली, त्यांनी माफी मागायचीय अजून. साहेबांनी नव्हे... ह्या तुमच्या बाईंनी!