पाहुणा तुपावर बोलेना

चहा घ्या, पण परवा घरी काय वैताग झाला ते आयका. आमच्या लोहारा गावच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीले ठाण्याचे मोझेसभाऊ आले. ज्यू माणूस, पण मराठी आपल्याहून गोड. त्यायले मी घरी जेवाले नेलं. भाऊंनी तांब्या मागितला, हातांवर आळीपाळीनं पाणी घेतलं, काहीतरी पुटपुटले आन् ताटावर येऊन बसले.

बायको पोळ्यांचं टोपलं घेऊन उभी. "भाऊ, पोळीवर तूप घालू का?"

भाऊ गप्प.

"घालू का नको?"

त्यायनं नुसता टोपल्याकडं हात केला. बायको माह्यावर घसरली, "तुम्ही काही बोलले का त्यायले?"

"मी कायले बोलू?"

तिचे डोळे भरून आले, पण हो-नाही कळल्याबिगर पोळी काही वाढेना. शेवटी भाऊंनीच पोळी उचलली, प्रार्थना म्हटली, घास खाल्ला आन् म्हणाले, "वहिनी, घाला की तूप! गव्हाची पोळी असली की हात धुतल्यापासून पहिल्या घासापर्यंत आम्ही बोलत नाही."

"हे धुवायच्या आधी सांगता नव्हतं येत?"

"चुकलंच. ज्वारीच्या भाकरीला ही अट नसते."

"मंग संध्याकाळी भाकरच खासान," बायको म्हणाली. "रुसून बसाले या घरात एक नवरा पुरे आहे!"