बायकोचं नाव प्रेमा आहे हो!

…नाही, मला एक सांगा, माणसाच्या बायकोला आईबापांनी ठेवलेलं एक नाव असतं की नाही? असतं! माझ्या बायकोचं आहे. प्रेमा. लग्नात बदललंसुद्धा नाही मी, म्हटलं इतकं छान नाव कशाला मोडा! आणि अख्खा चारकोप तिला काय म्हणतो? एसटीडी! माझ्याच दारात उभं राहून मलाच विचारतात, "काका, एसटीडी आहे का घरात?" अरे, नाव प्रेमा आहे हो तिचं!

तुम्हाला सांगतो, एक्क्याण्णव साली हिनं आमच्या सेक्टरच्या नाक्यावर एसटीडीचा बूथ टाकला. पिवळी पाटी, काचेचं दार, आत लाल आकडे पळणारं मीटर. तेव्हा घरोघरी फोन कुठले? सगळं कोकण हिच्या दारात! "वयनी, मालवणाक फोन लावन दी गो!" की हिची बोटं डायरीत न बघता सुरू… शून्य दोन तीन सहा पाच! कुणाला मुलगा झाला, कुणाची आई गेली, सगळं त्या काचेआड. आत कुणी रडायला लागलं की ही बाहेर भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि पुढच्या माणसाला सांगायची, "लाईन मिळत नाहीये, थांबा जरा." लाईन असायची हो! खोटं बोलायची.

मग मोबाईल आले, बूथ गेला. हिनं त्याच गाळ्यात शिलाई मशीन टाकली, साड्यांना पिको-फॉल. आज पंधरा-सोळा वर्षं पिको करतेय, पण कुणी पिकोवाली म्हणेल तर शप्पथ! शेअर रिक्षावाला ओरडतो काय, "चलो एसटीडी, एसटीडी, एक सीट एसटीडी!" आत कानात इअरफोनची बोंडं घातलेली कॉलेजची पोरगी, जिनं जन्मात बूथ बघितला नाही, ती म्हणते काय, "भैया, एसटीडी रोकना!" अरे, काय रोकना? तिथं आहे काय?

आणि मग समोर टॉवर झाला. त्याचा सेक्रेटरी सुबोध. पस्तिशीचा, हुशार मुलगा, पण एक दिवस आला आणि माझ्या कानाशी लागला, "काका, माइंड करू नका, पण आमच्या पत्त्यात एसटीडी… म्हणजे ना… तो आजार असतो हो! तसला!" मी लाल! आता हे बायकोला कसं सांगायचं? सांगितलं एकदाचं. तिनं पायडलवरचा पाय न काढता काय म्हणावं? "माझ्या बूथवर कुणाला साधी सर्दी झाली नाही!"

पण सह्या झाल्या, अर्ज झाले, आणि नाक्यावर पाटी लागली… स्वप्नगंध चौक! त्या दिवशी हिच्या मशीनचा दोरा तीनदा तुटला. हिचा दोरा कधी तुटत नाही हो.

पुढं महिन्याभरात, सकाळी दहाची वेळ, सुबोधचे वडील बायकोची साडी घेऊन हिच्या दुकानात आले, आणि बसल्या स्टुलावरून छाती धरून खालीच कोसळले! सुबोध धावत आला, अँब्युलन्स बोलावली, "स्वप्नगंध चौक, लवकर या!" आता बोंबला! ड्रायव्हर तिकडून, "सर, यहाँ किसी को मालूम नहीं!" हा किंचाळतोय, "मॅप बघ ना, मॅप!" आणि मॅपनं त्याला नेऊन सोडलंय भलत्याच सेक्टरमध्ये. इकडे बाप पांढराफटक…

प्रेमानं सुबोधच्या हातातून फोन काढून घेतला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात म्हाताऱ्यांचा हात. आणि आवाज? बूथवरचा! "कोण बोलतंय? मिथुन? हे बघ मिथुन, फोन ठेवायचा नाही. काच खाली कर. समोर रिक्षा दिसते? त्याला विचार, एसटीडी कुठाय?"

आणि फोनमधून आम्हाला स्पष्ट ऐकू आलं हो, "एसटीडी? अरे, मेरे पीछे आ!"

चार मिनिटांत पुढं रिक्षा, मागं सायरन! वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं.

पंधरा दिवसांनी सुबोध आला, मान खाली. "काकू, ती पाटी काढायला लावतो मी." ही म्हणते, "राहू दे रे. बसायला सावली पडते तिची."

सव्वीस जानेवारीला सत्कार ठेवला हो! टॉवरवाले, सेक्टरवाले, सगळे. अध्यक्ष माइकवर, "आता मी शाल स्वीकारायला बोलावतो, आपल्या सर्वांच्या लाडक्या…" आणि थांबले. माइकवर हात ठेवून माझ्याकडे वाकले, "वहिनींचं नाव काय हो?"

पस्तीस वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न! नाव विचारलं कुणीतरी! पण तुम्हाला काय सांगू, छाती अशी फुगलेली, सुचेचना काही… आणि मी, मी सख्खा नवरा, त्या भरल्या मांडवात ओरडलो, "एसटीडी!"

आणि ही बाई, पदर सारखा करून, ताठ मानेनं स्टेजवर चढलीसुद्धा!