गोल मांडलेल्या खुर्च्या

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला आलेल्या मायलेकी शेजारच्या बाकावर होत्या. मी पेपरात तोंड खुपसलं आणि कान तिकडे पाठवून दिले.

“समाजसेवा आणि नेतृत्व, दोन्ही विचारतील. ही शिष्यवृत्ती हुकली तर कॉलेज विसर!”

“नेतृत्व कुठलं, आई? वृद्धाश्रमात मी नुसत्या खुर्च्या गोल मांडल्या.”

“एवढंच?”

“आधी सगळ्या आज्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. समोरासमोर आल्या तशा कडाकडा भांडल्या, मग त्यांनी समिती स्थापली आणि पहिल्याच बैठकीत मला नारळ दिला.”

“अगं बाई! तो का?”

“‘आता आमचं आम्ही बघतो, तू कॉलेजला जा,’ म्हणाल्या.”

तेवढ्यात पुकारा झाला.

“हेच सांग आत. फक्त तिथल्या खुर्च्यांना हात लावू नकोस!”

मुलगी आत गेली. दार लागलं, आणि आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.