वरच्या खोलीतले ठोके

वकीलबाई : ...म्हणून तर तुम्हा सासू-सुनेला एकत्र बोलावलं. सुरीचं नंतर बघू. आधी घरात घुसल्याचा आरोप. ताई, थोरल्या भावाच्या घरात तुमच्या यजमानांना कुणी बोलावलं होतं, एवढं दाखवता आलं तरी अपिलात जीव येईल.

सून : कुणी नाही हो बोलावलं. खाली आमचं बॅगांचं काम चालतं. हे चामडं कापत होते. एकदम वर पाहिलं आणि सुरी हातात तशीच घेऊन जिना चढले.

वकीलबाई : वर का पाहिलं?

सून : ठोके पडले म्हणून. आमच्या डोक्यावरच सासूबाईंची खोली. पाणी हवं असलं की त्या काठी आपटतात. थोरल्या जाऊबाईंना ऐकू जात नाही, आम्हाला बरोबर जातं!

वकीलबाई : आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

सून : त्यात सांगायचं काय? रोजचंच ते.

वकीलबाई : अहो ताई, हेच तर बोलावणं! आजी, साक्षीत तुम्ही म्हणालात, धाकटा सुरी घेऊन आत शिरला. काठी आपटून तुम्हीच बोलावलंत, हे का नाही सांगितलं?

सासू : मी नव्हतं बोलावलं.

सून : ऐकलंत? अजून थोरल्याचीच बाजू! पोटच्या पोराला तुरुंगात धाडलं, तरी ह्यांचं मन भरत नाही.

वकीलबाई : थांबा हो. आजी, ठोके पडले ना?

सासू : पडले. पण काठी माझ्या हातात नव्हती.

वकीलबाई : मग कुणाच्या?

सासू : थोरल्याच्या.



सून : म्हणजे... आई, दादा तुम्हाला...?

सासू : चुकले तेवढे जमिनीवर पडले.

सून : अगं बाई! आणि ह्यांनी ते पाहिलं?

सासू : लाथेनं दार उघडलं त्यानं. मधे पडला. झटापटीत थोरल्याच्या दंडाला सुरी लागली. पोलीस यायच्या आधी मीच धाकट्याला म्हटलं, बाबा, हे बाहेर काढू नकोस, माझी लाज जाईल. तो म्हणाला, बरं.

वकीलबाई : बरं? आणि तेवढ्यावर तो आत बसलाय? मला कितीदा भेटला, चकार शब्द काढला नाही!

सासू : मला वाटलं, भावाभावांचं भांडण. जज्जसाहेब दटावतील आणि घरी पाठवतील. शिक्षा ऐकली आणि माझी वाचाच बसली.

सून : आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. जिन्यात दिसलात तरी तोंड फिरवायची.

वकीलबाई : आजी, अपिलात नवी साक्ष सहजासहजी घेत नाहीत. मी अर्ज करीन. आधी का लपवलंत म्हणून फाडून खातील तुम्हाला. थोरला समोर बसलेला असेल. सांगाल?

सासू : सांगीन. लिहून घ्या.

वकीलबाई : नक्की?

सासू : नक्की. पण बाई, डोळे तपासायला जाते असं त्याला सांगून निघालेय मी. आता वर कशी जाऊ?

सून : वर नाही जायचं, आई. जिन्याच्या अलीकडेच आपलं घर लागतं.