मुंगूस पळालं नाही

फवारणीच्या औषधाला परवानगी देणारे साहेब, 'किडीखेरीज कुणाला अपाय नाही' हे तुम्ही खोटं लिहिलंत. सावंगीच्या दवाखान्यात माझ्यापुढे रांगेत अल्लीपूरच्या दोन बाया होत्या. त्यातल्या कांताबाईच्या मांडीवर हाताला पट्टी बांधलेली नात.

"मुंगूस चावलं हिले."

"मुंगूस त माणूस दिसला की पळते, कांताबाई."

"हे नाई पळालं. बांधाजवळ फवारणीचा पंप धुतलेलं पाणी साचलं होतं, ते पेलं अन् बेवड्यावानी डुलत बसलं."

"मंग पोरीले जवळ काऊन जाऊ देलं?"

"मीच धाडलं. मुंगूस दिसणं शुभ असते ना. म्हटलं, थांबलंच हाये त पाया पडून घे."

"अवं माय."

"आता डॉक्टर पुसते, पिसाळलेलं होतं का औषध पेलेलं. मले काय मालूम?"

साहेब, डॉक्टर थांबलेत. उत्तर तुम्ही द्या.