सूड घ्यायला तिकीट काढलं

...नाही, चूक माझी नाहीच! तुम्हाला सांगतो, जन्म गेला पुण्याच्या कसब्यात, कुठला बोळ कुठे निघतो ते डोळे मिटून सांगेन, पण ते वर, जमिनीवर... वर विचारा हो मला, वर! खाली एवढं मोठं मेट्रोचं स्टेशन खणून ठेवलंय, तिथल्या रीतीभाती मला कोणी सांगितल्या होत्या?

मुळात मी खाली गेलो सूड घ्यायला. कोणाचा? व्याह्यांचा. बापूराव, आमच्या सुनेचे वडील, राहणार धायरी. दिवाळीत त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर भरल्या पंगतीत म्हणतात, "रंगराव, तुमच्या कसब्यात दोन मानसं समोरासमोर आली, तर एकाला माघारी जावं लागतंय म्हनं." सगळे हसले. सगळ्यांचं सोडा, आमची ही हसली! तिथेच, जिलबी हातात धरून, ठरवलं... सोडणार नाही.

आणि संधी आली की हो! व्याही मेट्रोने येतायत. म्हटलं, या, मी न्यायला येतो. खाली गोंधळणारच माणूस, ना ऊन ना देऊळ, पूर्व कुठली न पश्चिम कुठली, जिकडे बघावं तिकडे चकचकीत खांब, बाण आणि सरकते जिने. ते भांबावले की मी खांबाआडून प्रकटणार, आणि विचारणार, "काय बापूराव, हरवलात का?" बास. एवढंच हवं होतं हो मला.

म्हणून तिकीट काढून आत गेलो. जिना उतरलो, मग अजून एक जिना, विहिरीत चाललोय की काय! खाली मात्र गारेगार. खांबाआड बाकावर बसलो. आता मला सांगा, वाट बघताना माणूस करतो काय? पीएमटीच्या बसमध्ये हयात गेलीय माझी. तिकिटाची सुरळी केली आणि घातली कानात. मग दुसऱ्या कानात. काय ते समाधान... आणि त्या समाधानात लागला डोळा. गाडी आली, गेली, बापूराव उतरून निघूनही गेले!

धडपडत वर आलो, तर बाहेर पडायचं दार उघडेना. तिथली मुलगी म्हणते, "काका, तिकीट स्कॅन करा." केलं. "काका, जरा सरळ करून धरा ना." धरलं. अहो, त्यावरची ती काळी-पांढरी चौकटच पिवळी झाली होती! "काका, याला काय लागलंय?" काय सांगू तिला? मागे ही रांग. एक पोरगा म्हणतो, "अंकल, साइडला व्हा ना यार." यार! मला! वर भेट म्हणावं, वर!

आणि दाराच्या पलीकडे, शेवग्याच्या शेंगांची पिशवी घेऊन, कोण उभं? बापूराव. ते बाहेर, मी आत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुरळीकडे पाहिलं, आणि अख्ख्या स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या मुलीला म्हणाले, "ताई, सोडा ह्यांना. आमचं पाव्हणं हायेत, पहिल्यांदाच आलेत."

पाव्हणं! मी! कसब्यात! त्यात ती मुलगी माझ्याकडे बघून इतकं गोड हसली आणि तिने बाजूचं दार उघडलं. सरकत्या जिन्यावर व्याह्यांनी माझा हात धरला... सोडला तो थेट आमच्या दारात.

घरी हिने विचारलं, "आणलंत का व्याह्यांना?" तर बापूराव म्हणतात, "आनलं की, हाताला धरून आनलं." कोणी कोणाला, ते बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत चहा प्यायले. अहो, सांगून टाकलं असतं तर भांडता तरी आलं असतं! आता प्रत्येक सणाला हा माणूस असाच बघत चहा पिणार.

काल शनिवारवाड्यापाशी एकाने अडवलं, "काका, कसबा गणपतीला कुठून जायचं?" वर विचारलं हो त्याने, चांगलं वर, जमिनीवर! तोंड उघडलं... आणि म्हटलं, माहीत नाही बाबा, मी पाहुणा आहे, पहिल्यांदाच आलोय.