डावा कोपरा

शारजाच्या दवाखान्यात शोभना आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल चालू होता. मागच्या बाकावर हमरियातल्या कंपनीचे दोन कोकणी कामगार बोलत होते.

“रामेश्वरभाऊ, हा हेल्मेटवाला रिटायर होतोय म्हणे. जन्मात गोल नाही केला, नुसता बॉलवाल्याला पाडायचा.”

“म्हणजे माझ्यासारखाच. गावापासून इथल्या कंपनीच्या टीमपर्यंत कबड्डीत मी डावा कोपरा. चढाईला आलेल्याचा पाय धरायचा, खलास!”

“पेपरात नाव यायचं?”

“छे! नाव चढाईवाल्यांचं.”

“मग तुम्हाला काय मिळालं?”

“शेवटच्या वर्षी माझ्या बाजूला चढाईवाला कुणी फिरकतच नव्हता.”

“अरेरे! म्हणजे नुसतेच उभे?”

शोभनाचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

“नुसताच उभा. पण काय रुबाब होता, हबीबी!”